बाटल्यांचा बैल

खापरटाकळीत निवृत्ती सुताराला चांगलं म्हणणारं माणूस शोधायला निघालं तर दिवस मावळेल, आणि निवृत्तीनं ज्याला चांगलं म्हटलंय असं माणूस शोधायला निघालं तर जन्म जाईल. कडा या बाजारगावाच्या रस्त्यावरून फाट्याला आत वळलं की गावातलं पहिलं घर त्याचं. दारातल्या ओंडक्यावर बसून तो येणाऱ्याजाणाऱ्याकडं असा बघायचा, की चालणाऱ्याला उगाच वाटावं, आपल्यात काहीतरी वाकडं आहे. बहुतेकांच्यात ते असायचंच, म्हणून कुणी भांडायला थांबत नसे.

त्याच्या डाव्या हाताचं पहिलं बोट अर्धंच होतं. पोरवयात जू तासताना वाकस निसटला आणि वरचं पेर गेलं. दुसऱ्या कुणी असा हात झाकून ठेवला असता. निवृत्ती तेच अर्धं बोट वर करून बोलायचा. कुणी म्हणालं, यंदा पाऊस बरा आहे म्हणतात, की ते बोट वर. कुणी म्हणालं, चेअरमन गावासाठी लई झिजतात, की पुन्हा तेच बोट. "झिजतेत तर खरं, पन वजन वाढतच चाललंय की त्येंचं."

एकेकाळी गावातली एकूण एक बैलगाडी त्याच्या बापाच्या नाहीतर त्याच्या हातची होती. जू, तिफण, वखर, गाडीची चाकं, सगळं सुताराच्या दारातून शेतात जायचं आणि सुगीला बलुत्याचं धान्य शेतातून सुताराच्या दारात यायचं. पुढं ट्रॅक्टर आले, दारं-खिडक्या लोखंडाच्या झाल्या, आणि निवृत्तीकडं खाटेचा पाय बसवून घ्यायला येणारी म्हातारी माणसं तेवढी उरली. त्यांनाही तो दोन शब्द ऐकवल्याशिवाय पाय बसवून देत नसे.

पाऊस दोन-तीन वर्षं गावाकडं फिरकलाच नाही. पण पाऊस पडो न पडो, खापरटाकळीत संस्था मात्र उगवायच्या. सोसायटी होती, दूध संस्था होती आणि गावात प्यायला पाणी नसताना पाणीवापर संस्थासुद्धा होती. या सगळ्यांचे चेअरमन एकच, सुंदरराव. पांढरे कडक कपडे, तोंडात साखर, आणि कुठलाही वाद निघाला की एकच औषध, "सहकारानं मिटवू." पाणीवापर संस्थेनं माळावर एक विहीर खोदली होती. तिला पाणी कधी लागलं नाही. पण संस्थेच्या बैठका विहिरीशेजारच्या खोलीत व्हायच्या आणि बैठक संपली की रिकाम्या बाटल्या विहिरीत जायच्या. सभासदांनी विहीर भरून दाखवली, यात शंका नाही.

दुष्काळ वाढला तशी माळापलीकडं चारा छावणी उघडली. तीही संस्थेचीच, चेअरमनही तेच. ज्यांची जनावरं विकून झाली नव्हती त्यांनी ती छावणीत नेऊन बांधली. गावातल्या गोठ्यांत शेणाचा वास तेवढा राहिला. गाड्या अंगणात आडव्या पडल्या. मग लोकांनी त्या फोडून रस्त्यावरच्या हॉटेलांना जळणाला द्यायला सुरुवात केली.

एकदा निवृत्ती फाट्यावर चहाला गेला, तर हॉटेलवाल्याच्या भट्टीपुढं एक चाक पडलेलं. निम्मं फोडलेलं. चाकाच्या मधल्या तुंब्यावरची खूण बघून त्यानं ओळखलं, हे बापानं केलेलं. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझ्या बापाचा घाम जाळून चहा करतो का बे? गोड लागंल का कुनाला?"

"पैसं देऊन घेतलंय लाकूड," हॉटेलवाला म्हणाला.

"मग चहाचं पैसं माझ्याकडून घेऊ नको. चाकाची मजुरी अजून बाकी हाय," असं म्हणून त्यानं अर्धवट चाक उचललं आणि रस्त्यानं लोळवत घरी नेलं. लोक हसले. निवृत्ती शिव्या देत होता. दोन्ही गोष्टी गावाला रोजच्याच होत्या.

यातून लोकांना एक सोय सापडली. ज्याच्या अंगणात मोडकं लाकूड अडचण करत होतं, तो ते सुताराच्या दारात आणून टाकू लागला. सर्जेरावांनी गाडीचं मागचं साहित्य टाकलं. हे सुंदररावांचे भाऊबंद, संस्थेत त्यांच्या खालोखालचे, गळ्यात तुळशीची माळ, आणि आपण सुपारीलासुद्धा शिवत नाही असं न विचारता सांगणारे. स्वतः चेअरमननी वाड्यामागची जुनी तिफण गड्याच्या हाती धाडली आणि निरोप दिला, जाळून टाक. वत्सलाबाई नावाची एकटी राहणारी म्हातारी मात्र स्वतः आली. तिच्या धन्यामागं तिनं बैल सांभाळले होते आणि त्या उन्हाळ्यात विकले होते. तिनं जू दाराशी ठेवलं आणि म्हणाली, "घे बाबा. घरात बघवत न्हाई." निवृत्तीनं तिला एक शब्दही ऐकवला नाही.

त्या जुवात, दोन्ही बाजूंना, बैलांच्या खांद्यानं घासून घासून खळगे पडले होते. लाकूड तिथं आरशासारखं गुळगुळीत होतं. निवृत्ती जू भिंतीला टेकवून त्या खळग्याकडं बघत बसला. बघता बघता त्याला वर वशिंड दिसलं, खाली मान दिसली. दुसऱ्या दिवशी त्यानं बऱ्याच दिवसांनी पटाशीला धार लावली.

गाडीच्या चाकाचे बाकदार पुठ्ठे बरगड्या झाले. तिफणीच्या तीन फणांचे तीन पाय झाले, चौथा सर्जेरावांच्या गाडीच्या लाकडाचा. तुंबे कापून खूर केले. वत्सलाबाईचं जू वशिंडाच्या जागी आलं, त्याला त्यानं हत्यार लावलंच नाही. पण बरगड्यांच्या मधे पोकळी राहिली आणि ती पोकळी बघून निवृत्ती स्वतःवरच चिडला. "छावणीतल्या जनावरागत दिसायलाय," तो बायकोला म्हणाला.

बायकोचं नाव भामाबाई. या माणसाबरोबर सगळा संसार केला म्हणजे तीही काही मऊ नव्हती. "मग भरा की त्यात तुमच्या तोंडातली घाण. पोट फुटंल बैलाचं," ती म्हणाली.

भरायला काय घ्यावं हे त्याला माळावर कळलं. पाणीवापर संस्थेच्या विहिरीत वाकून बघताना ऊन खाली गेलं आणि तळाशी हिरवं, तपकिरी, पांढरं असं काहीतरी पेटल्यासारखं चमकलं. त्या विहिरीत डोळ्याला गारवा वाटेल असं काही असू शकतं, याचंच त्याला नवल वाटलं. मग तो दोर लावून उतरू लागला आणि पोतं भरून बाटल्या वर आणू लागला.

गावातला लोहार शहादेव त्याचा एकुलता एक मित्र, म्हणजे ज्याला तो शिव्या देऊनही दुसऱ्या दिवशी भेटायचा असा माणूस. त्याची भट्टीही बंद पडल्यासारखीच होती. दोघांनी भात्यावर बाटल्या तापवायला घेतल्या. पहिली बाटली मऊ झाली, सपाट झाली आणि थंड होताना फटकन फुटून शहादेवच्या कानाजवळून गेली.

"डोळं घालवतो का बे माझं? कुनी पिऊन टाकल्याल्या बाटल्या, त्येंच्यापायी मी कावून आंधळा व्हऊ?"

"पिणारं काय डोळस हायती का?" निवृत्ती म्हणाला. "घाल दुसरी."

बऱ्याच बाटल्या वाया गेल्यावर त्यांना जमलं. तापलेली काच उघड्यावर ठेवायची नाही. खड्ड्यात गरम राख भरून त्यात पुरायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत राखेला हात लावायचा नाही. मग काच निमूट राहायची. निवृत्तीनं बरगड्यांना खाचा पाडल्या, त्यांत काचेचे तुकडे सरकवले आणि वरून बारीक लाकडी पट्ट्या ठोकल्या. शिंगांवर हिरव्या काचेचे वेढे चढवले. तपकिरी बाटल्यांची बुडं डोळ्यांच्या जागी बसवली. शेवटी लाकूड आणि काच एकमेकांत अशी अडकली, की एकाला ओढावं तर दुसरं फुटावं.

बैल उभा राहिला तेव्हा दिवस कलत होता. ऊन पोटातून आरपार गेलं आणि सारवलेल्या अंगणात हिरवे-तांबडे चट्टे पडले. भामाबाईनं झाडू बाजूला ठेवला. चांगलंय असं म्हणायची त्या घरात रीत नव्हती, म्हणून ती म्हणाली, "शेपूट आखूड झालं."

मग तिचं लक्ष खाली गेलं. खुरांखाली निवृत्तीनं फळी ठोकली होती आणि फळीला चार चाकं लावली होती.

"ह्यो दारात हुबा ऱ्हानार ना? मग चाकं कावून?"

निवृत्ती चाकात तेल सोडू लागला. उत्तर पोटात होतं आणि ते बाहेर काढायची त्याला लाज वाटत होती.

तो लहान असताना, पोळ्याच्या दिवशी, सगळे बैल वेशीपुढं सजून उभे होते. सुताराकडं बैल नसतो. सुतारानं बाजूला उभं राहायचं आणि मग घरोघर पोळीचं ताट घ्यायला जायचं. एका बैलाचा मालक तंबाखू मळायला वळला तेव्हा पोरानं हळूच त्या बैलाचा कासरा धरला. नुसता धरला. सुंदररावांचे वडील विठ्ठलराव तेव्हा गावचे मानकरी. त्यांनी बघितलं. रागावले असते तर पोरगं विसरून गेलं असतं. पण ते हसले आणि म्हणाले, "सुताराच्या पोरा, तू जू कर. कासरा आमी धरतो." सगळी वेस हसली. पोराचा बापही हसला, आणि तेच निवृत्तीच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून त्यानं पोळ्याला नावं ठेवली, बैलाला, तोरणाला आणि मानकऱ्यालाही. नावं ठेवत ठेवत म्हातारा होत आला, पण वेशीतून एकदा आपला बैल घेऊन जावं हे मनातून गेलं नाही. म्हणून चाकं.

गावाला हे कुठून कळणार? गावानं बैलाचं नाव 'भंगारबाबा' ठेवलं. चेअरमन एकदा गाडीची काच खाली करून म्हणाले, "निवृत्ती, लई भारी. चारा न लागनारा बैल. छावणीत भरती कर की!" गाडीतले सगळे हसले. चारा न लागणारी जनावरं छावणीत बरीच आहेत, असं निवृत्ती म्हणाला, तेव्हा मात्र काच वर गेली.

श्रावण संपत आला आणि पोळा तोंडावर आला. खापरटाकळीच्या पोळ्याचा नेम असा, की वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचं आणि त्याखालून पहिला जाणारा बैल मानाचा. तो गेल्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या बैलानं पाऊल टाकायचं नाही. हा मान सुंदररावांच्या घराण्याचा. त्यांच्या गोठ्यात बैल उरले नव्हते, ट्रॅक्टर होता. दर साली ते कुणाचा तरी बैल मागून आणत, शिंगं रंगवत आणि आपला म्हणून पुढं काढत. सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे टाळ्या वाजवत. पण एखाद्या साली मानाचा बैल आलाच नाही, तर मान पुढच्या घराण्याकडं जाई. ते घराणं सर्जेरावांचं.

त्या साली गावात बैल नव्हता. छावणीतून आणावा म्हटलं, तर एका बैलाला सोडलं की सगळेच आपापले सोडायला येणार. सगळी जनावरं एकदम बाहेर निघाली असती तर कुणालाही ती मोजून कागदावरच्या आकड्याशी ताडता आली असती, आणि ते चेअरमनना परवडणारं नव्हतं. म्हणून त्यांनीच हुकूम काढला होता, की रोगाची साथ आहे, एकही जनावर छावणीबाहेर जाणार नाही. आपल्याच हुकमानं आपल्याच मानाला पाचर मारून बसले. इकडं सर्जेराव उठता-बसता माळ कुरवाळत म्हणू लागले, "देवाच्या मनात आसंल तसं."

अशा वेळी चेअरमनना भंगारबाबा आठवला. ते स्वतः, पायी, निवृत्तीच्या दारात आले.

"निवृत्ती, बैल बैल आसतो. लाकडाचा आसला म्हनून काय झालं? यंदा ह्येलाच मानाचा करू."

निवृत्ती ओंडक्यावरून उठला. "करा की," तो म्हणाला. "मी आनतो वेशीत."

"तू कावून त्रास घेतो? आमी नेऊ."

तोवर सर्जेराव मागून आलेच. बैलाच्या मागच्या पायावर हात ठेवून म्हणाले, "ह्यो पाय माझ्या गाडीचा हाय. मान घ्यायचाच तर माझाबी हक्क लागतो."

झालं. तासाभरात अंगण भरलं. ज्यांनी लाकूड कचरा म्हणून टाकलं होतं, ते सगळे आले. कुणी बरगडी ओळखली, कुणी खूर ओळखला. एकजण शेपटी धरून उभा राहिला आणि सोडीना. पाच पिढ्यांचं घरातलं लाकूड, असं जो तो सांगू लागला. खरं तर त्यातलं बरंचसं निवृत्तीच्याच हयातीतलं होतं. वत्सलाबाई तेवढी दूर उभी राहून म्हणाली, "मी तर टाकून दिलंतं, बाबा. माझं काय न्हाई." तिला कुणी विचारलंही नव्हतं.

चेअरमननी दोन्ही हात वर केले. "वाद नको. सहकारानं मिटवू."

संध्याकाळी मारुतीच्या पारावर बैठक भरली आणि बैलाची संस्था झाली. चेष्टा नाही, खरोखर झाली. ज्याचं लाकूड तो सभासद, ज्याचं लाकूड जास्त त्याचा वाटा जास्त. चेअरमन सुंदरराव, त्यांच्या खालोखाल सर्जेराव. कासरा चेअरमननी धरायचा, सर्जेरावांनी शिंगाला हात लावून चालायचं. या गावात माणसं विहिरीत पडली तर आधी बचाव समिती नेमतील आणि मग दोर शोधतील.

निवृत्ती पाराच्या पायरीशी उभा होता. "आन मी?"

चेअरमन खरोखर गोंधळले. "तुझं लाकूड कुटं हाय त्यात? तू तर फकस्त काम केलं."

"काम केलं तवाच बैल झाला ना?"

"आरं, काम करनाऱ्याचा सन्मान करू की. नारळ देऊ, टोपी देऊ. आन चाकं जाम झाली तर मागून ढकलायला तू पायजेच हाय."

लोक मान डोलावत होते. त्यांना यात काहीच वावगं दिसत नव्हतं, हेच निवृत्तीला जास्त लागलं. उसाला पाणी घालणारा, ऊस तोडणारा आणि साखरेच्या पोत्यावर हार घालून घेणारा ही माणसं वेगवेगळी असतात, एवढं त्यांना सहकारानं शिकवलं होतं. निवृत्तीनं अर्धं बोटसुद्धा वर केलं नाही. तसाच घरी गेला.

त्याच्या तोंडावरूनच भामाबाईला काय ते कळलं. पोळ्याच्या आदल्या दिवसाची वेळ होती, खांदेमळणीची. बैलवाल्यांच्या घरात या वेळी बैलाचे खांदे हळद-लोण्यानं मळतात आणि त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. त्या घरात हे कधी झालं नव्हतं. लोणी नव्हतंच. तिनं वाटीत गोडेतेल घेतलं, हळद कालवली आणि वत्सलाबाईच्या जुवाचा तो गुळगुळीत खळगा दोन्ही हातांनी मळला.

"आज आवतण घ्या, उद्या जेवायला या," ती बैलाच्या काचेच्या डोळ्याकडं बघून म्हणाली. मग नवऱ्याकडं वळली. "चाकं कावून लावली ते मला ठाव हाय. तुमच्या आईनं सांगितलंतं मला, लगीन झालं तवाच. एवढी जीभ हाय तुमची. गावाला फुकट वाटत फिरता. उद्या तुमच्यासाठी चालवा की एकदा."

निवृत्ती उठला आणि बैलाभोवती एक फेरी मारली. लाकडाकडं त्याचं लक्ष नव्हतं. तो काचा बघत होता.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर वेशीपुढं गाव जमलं. हलगी वाजत होती. बायका ओवाळणीची ताटं घेऊन उभ्या होत्या, पुढं चेअरमनच्या पत्नी. कड्याहून एक बातमीदार आला होता. बैल आणला गेला, गळ्यात घुंगरमाळ, पाठीवर झूल. झूल पाठीवरच होती, पोट उघडं होतं आणि त्यातून ऊन सांडत होतं. सुंदररावांनी फेटा सारखा केला आणि कासरा हातात घेतला. सर्जेरावांनी शिंगाला हात लावला. निवृत्तीला मागं उभं केलं होतं, ढकलायला.

तो मागून पुढं आला. "थांबा, चेअरमन. संस्थेच्या कारभारात घोळ नको. लाकडाचे सभासद झाले. काचेचे ऱ्हायले."

"काचेचे कसले सभासद?"

"ज्याचं लाकूड त्याचा वाटा, आसंच ठरलं ना पारावर? मग ज्याची बाटली त्याचाबी वाटा. बैलात निम्मी काच हाय. मालकानं फुडं यावं, आन हात लावून सांगावं, ही माझी."

हलगी थांबली. निवृत्ती बैलाच्या कडेनं चालू लागला आणि त्याचं अर्धं बोट एकेका काचेवर टेकू लागलं. "ही तपकिरी लई हाय. पाणीवापर संस्थेच्या सभेच्या दुसऱ्या दिशी घावली, विहिरीत. ही पांढरी, दूध संस्थेच्या निवडनुकीची. ही हिरवी भारीतली हाय. साध्या सभासदाला परवडायची न्हाई. छावणीचं बिल मंजूर झालं त्या सकाळी वरच पडलीती, वास बी गेला नव्हता." तो शिंगापाशी थांबला, जिथं सर्जेरावांचा हात होता. "आन ही शिंगावरची. दादा, हात तर तुमी लावलाच हाय. तुमची म्हनायची का?"

सर्जेरावांनी इंगळी डसल्यासारखा हात मागं घेतला आणि तो आपोआप माळेवर गेला. चेअरमनच्या पत्नीनं ताट खाली केलं आणि नवऱ्याकडं बघितलं. सगळ्याच बायका आपापल्या नवऱ्याकडं बघू लागल्या. पुरुषमंडळी तोरणाकडं बघत होती. कालपर्यंत शेपटीसाठी भांडणारा माणूस गर्दीत कुठं गेला ते कळलंच नाही.

चेअरमन हसले. त्यांना हसता येतच असे. "निवृत्ती, काच म्हंजी कचरा. कचऱ्याला मालक नसतो."

"लाकूडबी कचराच व्हतं की कालपर्यंत."

चेअरमननी फेटा पुन्हा सारखा केला.

"मालक न्हाई ना कुनी?" निवृत्तीनं मोठ्यानं विचारलं. "मग काच माझी. विहिरीत उतरून म्या काढली, भट्टीवर म्या तापवली. आता ज्येनं त्येनं आपलं लाकूड खुशाल काढून न्यावं. पन माझी एक काच फुटता कामा न्हाई. फुटली तर ती कुनी पिलीती, ते इथंच विचारीन."

दोघातिघांनी वाकून बरगड्यांच्या खाचा बघितल्या आणि ते सरळ झाले. बातमीदार सगळं टिपून घेत होता. ते चेअरमनच्या लक्षात आलं आणि त्यांचा आवाज एकदम मायेचा झाला.

"आरं, एवढंच ना? आपल्या मानसाला कोन न्हाई म्हनतंय? संस्थेच्या वतीनं यंदा कासरा सुतारानं धरायचा." आणि त्यांनी कासरा पुढं केला.

संस्थेच्या वतीनं! द्यावं लागतं तेव्हासुद्धा हे लोक देणगी दिल्यासारखं देतात. निवृत्तीनं कासरा घेतला आणि डाव्या मुठीला एक वेढा मारला.

"तुमच्या वडलांनी सांगितलंतं, चेअरमन. सुतारानं जू करावं, कासरा आमी धरतो. जू तर म्या जनमभर केलं. आता कासराबी धरतो."

सुंदररावांना यातलं काही कळलं नाही. ज्या घरातून अपमान वाटले जातात तिथं ते कुणी लक्षात ठेवत नाही.

शहादेव लोहार मागं जाऊन उभा राहिला, ढकलायला. चाकं कुरकुरली. निवृत्ती चालू लागला. तोरणाची पानं शिंगांच्या हिरव्या काचेला लागून किणकिणली आणि तो वेशीतून आत गेला. मागं एकही बैल नव्हता. आत रिकामी गल्ली, टँकरच्या पाण्यासाठी रांगेत ठेवलेल्या घागरी आणि धूळ. एवढ्याच वाटेसाठी माणसानं आयुष्यभर जळावं असं तिथं काही नव्हतं, हे त्याला दिसत होतं. तरी त्याला आनंद झाला. लहान पोराला होतो तसा, साधा, पोटातून आलेला आनंद. गावाला ऐकवायला त्यानं काही ठेवणीतलं जुळवून ठेवलं होतं, ते त्याला आठवलंही नाही.

मानाचा बैल पहिल्यांदा मानकऱ्याच्या दारात जातो. निवृत्तीनं तो सरळ आपल्या दारात नेला. भामाबाई तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिनं तांब्याभर पाणी, त्या दुष्काळात, लाकडी खुरांवर ओतलं. बायकांच्यातून कुणीतरी हळहळलं. भामाबाईनं तिकडं बघितलंसुद्धा नाही. तिनं बैलाला ओवाळलं, पुरणाची पोळी त्याच्या तोंडापुढं धरली, आणि मग तीच पोळी नवऱ्याच्या हातात दिली.

पुढच्या आठवड्यात शहादेव कड्याच्या बाजारातून पेपर घेऊन आला. आतल्या पानावर बातमी होती. दुष्काळात सहकाराचा आगळा पोळा, चेअरमन सुंदररावांच्या कल्पनेतून साकारला टाकाऊतून बैल. सोबत फोटो. फोटोत मधोमध बैल, शेजारी फेटा बांधलेले, हात जोडलेले सुंदरराव. निवृत्ती जिथं उभा होता तिथं फोटो कापलेला.

शहादेवनं शिव्या द्यायला सुरुवात केली. भामाबाईनं पेपर हिसकावून घेतला. "नाव न्हाई, तोंड न्हाई! मेल्यांनी तुमाला कापून टाकलं. आता बोला की. गावभर बोलता, आता कावून गप?"

निवृत्तीनं पेपर तिच्याकडून घेतला आणि दारातल्या उजेडात नेऊन बघितला. फोटोच्या काठावर, कापता कापता, मनगटापासून पुढं एक मूठ राहून गेली होती. मुठीला कासऱ्याचा वेढा होता, आणि वेढ्यावर आलेलं पहिलं बोट अर्धंच होतं.

"कापलं कुटं?" तो म्हणाला. "हात हाय की. कासऱ्यावरच हाय."